तिगरान हमास्यान : परक्या वाद्यावर आपले गाणे



या अंकातील पाठासाठी आम्ही ज्या कलावंताची निवड केली आहे, त्याचे नाव आपल्यापैकी थोड्याच जणांनी ऐकले असेल. तिगरान हमास्यान हा आर्मेनियन वंशाचा जाझ पियानोवादक आहे. मराठी शाळेच्या वार्तापत्रात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. कारण असे की, प्रत्येक पालक सभेत आमच्यासमोर एक प्रश्न येतो. घराबाहेर मुले हिंदी बोलतात, पुढच्या शिक्षणाला इंग्रजी लागते; मग मराठी आणि संगीत यांच्या तासिका कशासाठी? तो वेळ गणित-विज्ञानाला द्यावा. हा प्रश्न कोणी रागाने विचारत नाही, मुलांच्या काळजीपोटी विचारतो. म्हणून त्याचे उत्तर उपदेशाने न देता एका चरित्राने द्यावे, असे आम्हांस वाटले.

लहान देश, विखुरलेले लोक

आर्मेनिया हा कॉकेशस पर्वताच्या प्रदेशातील देश. क्षेत्रफळ सुमारे तीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागाएवढे. लोकसंख्या सुमारे तीस लाख. परंपरेनुसार इ. स. ३०१ मध्ये या राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि इ. स. ४०५ च्या सुमारास मेसरोप माश्तोत्स या विद्वान धर्मगुरूंनी आर्मेनियन भाषेसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. ती लिपी आजही वापरात आहे. पुढे शतकानुशतके या भूमीवर इतरांची राज्ये झाली. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांचा भीषण संहार झाला. बहुतेक इतिहासकार मृतांची संख्या दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक मानतात. जे वाचले ते जगभर पांगले. आज आर्मेनियात जितके आर्मेनियन आहेत, त्याहून अधिक देशाबाहेर राहतात.

भारताशी यांचा संबंध जुना आहे. कोलकाता, सुरत, मुंबई, मद्रास येथे आर्मेनियन व्यापारी होते. आमच्या ग्वाल्हेरात शिंदे सरकारच्या फौजेत कर्नल जेकब हे आर्मेनियन अधिकारी दीर्घकाळ होते. कोलकात्याला त्यांची शाळा १८२१ साली स्थापन झाली. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी वहीत टिपून ठेवावी. आर्मेनियन भाषेतले जगातील पहिले नियतकालिक आर्मेनियात निघालेच नाही. ते १७९४ साली आपल्या मद्रासेत निघाले. त्याचे नाव 'अझदरार' आणि संपादक एक धर्मगुरू, हारुत्युन श्मावोनियान. मायभूमीपासून हजारो किलोमीटर दूर, मूठभर लोकांसाठी, आपल्या लिपीचे खिळे जुळवून त्यांनी ते छापले. आपल्या या चार पानी वार्तापत्राचे ते थोरले भावंडच म्हणावे.

ग्युमरीतील बालपण

तिगरानचा जन्म १७ जुलै १९८७ रोजी ग्युमरी या शहरात झाला. तेव्हा आर्मेनिया सोव्हिएत संघात होता आणि या शहराचे नाव लेनिनाकान होते. तिगरान दीड वर्षाचाही नव्हता, तेव्हा ७ डिसेंबर १९८८ रोजी मोठा भूकंप झाला. स्पिताक हे गाव जवळजवळ संपूर्ण कोसळले आणि लेनिनाकानचाही मोठा भाग पडला. सुमारे पंचवीस हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि लाखो बेघर झाली. १९९१ साली देश स्वतंत्र झाला, पण पाठोपाठ युद्ध आणि टंचाई आली. पुढची काही वर्षे दिवसाकाठी एक-दोन तासच वीज मिळे. हिवाळ्यात घर गरम ठेवायलाही इंधन नसे.

अशा काळात तिगरानच्या घरी पियानो होता. वडिलांना रॉक संगीताचा नाद, तर काकांना जाझचा. तीन वर्षांचा असताना तिगरान ऐकलेल्या चाली पियानोवर बोटांनी शोधू लागला. सहाव्या वर्षी त्याला संगीत शाळेत घातले. विद्यार्थ्यांना गंमत वाटेल, लहानपणी त्याला गिटार घेऊन दणदणीत मेटल संगीत वाजवायचे होते! त्याच्या पुढच्या रचनांत तो दणका अधूनमधून ऐकू येतो. तो दहा वर्षांचा असताना कुटुंब राजधानी येरेवानला आले.

जाझ म्हणजे काय?

जाझ हे संगीत विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत, विशेषतः न्यू ऑर्लिन्स शहरात, आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये वाढले. गुलामगिरीत आणलेल्या लोकांच्या वंशजांनी हाती आलेल्या युरोपीय वाद्यांवर आपली लय आणि आपली वेदना वाजवली. त्यातून ते घडले. म्हणजे जाझचा जन्मच परक्या वाद्यावर आपले गाणे वाजवण्यातून झाला आहे.

जाझचा प्राण म्हणजे तात्काळ निर्मिती. आपल्याकडे गवई बंदिशीचे तोंड घेतो आणि मग आलाप-तानांनी ती फुलवतो. त्याला आपण उपज म्हणतो. जाझमध्येही सर्वांना ठाऊक असलेली एक धून घेतात आणि प्रत्येक वादक तिच्यावर त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. फरक असा की, आपल्याकडे रागाची चौकट असते. तिथे ठरावीक क्रमाने बदलणाऱ्या स्वरसमूहांची चौकट असते. चौकट मात्र दोन्हीकडे आहे, आणि ती पाठ असल्याशिवाय उपज होत नाही. सुचेल ते वाजवणे हे अनेक वर्षांच्या रियाजाचे फळ असते, हे दोन्ही संगीतांत सारखेच.

गुरू, स्पर्धा आणि परदेश

येरेवानला तिगरानला वाहाग हायरापेत्यान हे गुरू भेटले. त्यांनी त्याला 'बीबॉप' शिकवले. बीबॉप ही १९४० च्या दशकातली जाझची अतिशय द्रुत आणि अवघड शैली. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, थेलोनियस मंक ही तिच्यातली मोठी नावे. आर्मेनियातल्या मुलाने ही अमेरिकन शैली व्याकरणासकट घोटली. कुमारवयातच तो महोत्सवांत वाजवू लागला. २००३ साली स्वित्झर्लंडमधील माँत्रो जाझ महोत्सवाची पियानो स्पर्धा त्याने जिंकली. त्याच सुमारास, सोळाव्या वर्षी, तो कुटुंबासह अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेला. २००६ साली थेलोनियस मंक यांच्या नावाने होणाऱ्या आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले. जाझच्या जगात या स्पर्धेचा मान फार मोठा. तेव्हा त्याचे वय होते १९ वर्षे.

आता थोडे थांबून विचार करू. हा मुलगा अमेरिकेत, अमेरिकनांचे संगीत अमेरिकनांइतके चांगले वाजवत होता. पुढचा रस्ता सरळ होता. तेच वाजवत राहिला असता तरी नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते.

पण किशोरवयातच त्याचे कान आर्मेनियन लोकगीतांकडे आणि जुन्या चर्चमधील स्तोत्रांकडे लागले होते. लग्नाची गाणी, नांगर धरताना म्हणायची गाणी, अंगाई हे सारे तो अभ्यासू लागला. लक्षात घ्या, 'अभ्यासू लागला' असे आम्ही लिहिले आहे. आर्मेनियात जन्मला म्हणून ते त्याला आपोआप आले नव्हते. बीबॉप शिकायला जितकी मेहनत लागली, तितकीच आपल्या लोकांचे संगीत शिकायलाही लागली. २००९ चा 'रेड हेल' आणि २०११ चा 'अ फेबल' या ध्वनिमुद्रिकांत हा अभ्यास दिसतो. 'अ फेबल' मध्ये तिगरान एकटाच पियानोवर आहे. त्यात आर्मेनियन चाली आहेत आणि अमेरिकेतील एक जुनी लोकप्रिय जाझ धूनही आहे. दोघी एका घरातल्या बहिणींसारख्या शेजारी बसतात.

कोमितास यांची वही

तिगरानला ही गाणी मिळाली कोठून? याचे उत्तर कोमितास या नावात आहे.

कोमितास यांचा जन्म १८६९ साली आजच्या तुर्कस्तानातील क्युताह्या या गावी झाला. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले. १८८१ साली, बारा वर्षांचे असताना, सुरेल गळ्यामुळे त्यांची निवड एचमियाझिन या आर्मेनियन धर्मपीठाच्या शाळेसाठी झाली. तेथे पोहोचल्यावर कळले की, या आर्मेनियन मुलाला आर्मेनियन भाषा बोलता येत नाही. त्यांच्या गावी आर्मेनियन कुटुंबेही तुर्की बोलत. शाळेने मुलाला परत पाठवले नाही. त्याला भाषा शिकवली.

तोच मुलगा पुढे आर्मेनियन संगीताचा सर्वात मोठा संग्राहक झाला. बर्लिनला जाऊन त्यांनी युरोपीय संगीतशास्त्राचे शिक्षण घेतले. मग गावोगाव हिंडून शेतकऱ्यांची गाणी स्वरलिपीत उतरवली. एकूण तीन हजारांहून अधिक रचना त्यांनी टिपल्या. २४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपल येथे इतर आर्मेनियन विचारवंतांबरोबर त्यांना अटक झाली. ते वाचले, परंतु जे पाहिले त्याने मन कोसळले. उरलेली बरीच वर्षे मनोरुग्णालयांत गेली आणि १९३५ साली पॅरिसला त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहातील निम्म्याहून अधिक गाणी नष्ट झाली. सुमारे बाराशे उरली. ज्या गावांत ती गाणी म्हटली जात होती, त्यांपैकी कित्येक गावांत पुढे गाणारेच राहिले नाहीत. गाणी कागदावर होती म्हणून वाचली.

ग्वाल्हेरकरांना येथे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. भातखंडे यांचा काळ १८६० ते १९३६, म्हणजे ते कोमितास यांचे समकालीन. मुंबईचे हे मराठी वकील देशभर फिरले, घराण्यांतल्या बंदिशी मिळवून त्यांनी स्वरलिपीत छापल्या आणि आपले मोठे शास्त्रग्रंथ मराठीत लिहिले. १९१८ साली माधवराव शिंदे महाराजांनी ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय स्थापन केले, ते भातखंडे यांच्याच मार्गदर्शनाने. एकमेकांना न ओळखणारे हे दोघे एकाच काळात एकच काम करत होते.

ताल आणि लसावि

आता थोडा प्रत्यक्ष अभ्यास करू. जाझ बहुधा चार मात्रांत चालते. तिगरानच्या रचनांत मात्र पाच, सात, नऊ, अकरा असे विषम हिशेब सारखे येतात. विद्यार्थ्यांनी टाळ्यांनी करून पाहावे.

पहिला प्रयोग : आपला रूपक ताल सात मात्रांचा, तीन-दोन-दोन असा विभागलेला. बोल म्हणा : ती ती ना, धी ना, धी ना. आता तेच सात आकडे दोन-दोन-तीन असे मोजा. मात्रा सातच राहिल्या, पण चाल पार बदलली. तिगरान अशा विभागणीशी सतत खेळतो.

दुसरा प्रयोग : दोन गट करा. एका गटाने दर चार मात्रांनी टाळी द्यावी, दुसऱ्याने दर पाच मात्रांनी. मोजण्याचा वेग दोघांचा एकच. पहिल्या मात्रेवर दोन्ही टाळ्या एकत्र पडतील. मग त्या सुटतील आणि पुन्हा एकविसाव्या मात्रेवर भेटतील. का? कारण ४ आणि ५ यांचा लसावि २० आहे. तिगरान डाव्या हाताने एक हिशेब आणि उजव्या हाताने दुसरा चालवतो. ऐकणारा गोंधळतो, आणि मग दोन्ही हात अचूक एका जागी येतात. तबल्याची तिहाई समेवर आली की आपण जशी मान डोलावतो, तोच आनंद येथे मिळतो. ज्या पालकांना संगीताची तासिका गणितातून वजा केल्यासारखी वाटते, त्यांनी हा प्रयोग मुलांबरोबर घरी एकदा अवश्य करावा.

लयीच्या या नात्यामुळेच त्रिलोक गुर्टू यांच्यासारख्या तालवादकाबरोबरही तिगरानने वादन केले आहे. त्रिलोक गुर्टू हे मुंबईचे, आणि बेळगावात जन्मलेल्या प्रख्यात ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे सुपुत्र.

शंभर वर्षांनंतर

२०१५ साली त्या संहाराला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने तिगरानने येरेवान राज्य चेंबर गायनवृंदाबरोबर 'लुईस ई लुसो' ही ध्वनिमुद्रिका केली. नावाचा अर्थ, प्रकाशातून प्रकाश. पाचव्या शतकातल्या माश्तोत्सांपासून कोमितासांपर्यंतची आर्मेनियन स्तोत्रे गायनवृंद गातो आणि तिगरान त्यांच्यामधून पियानोवर आपली उपज करतो. हे संगीत घेऊन तो गायनवृंदासह अनेक देशांतील चर्चमध्ये गेला, तुर्कस्तानातही गेला. तेथे त्याने निषेधाचे भाषण ठोकले नाही. जी स्तोत्रे त्या भूमीवर पूर्वी म्हटली जात, ती त्याच भूमीवर पुन्हा म्हटली गेली. आम्हांस हे मोठे उत्तर वाटते.

२०१३ साली परदेशात जन्मून अमेरिकेत काम करणाऱ्या कलावंतांसाठी असलेला व्हिल्चेक पुरस्कार त्याला मिळाला. काही वर्षांनी तो आर्मेनियात राहायला परत आला. २०१७ च्या 'ॲन एन्शंट ऑब्झर्व्हर' या ध्वनिमुद्रिकेमागे त्याच्या घराच्या खिडकीतून दिसणारा अरारात पर्वत आहे. हा पर्वत आर्मेनियन लोकांना पवित्र. येरेवानमधून स्वच्छ दिसतो, पण आहे सीमेपलीकडे, तुर्कस्तानात. २०१८ साली त्याने 'फॉर ग्युमरी' ही छोटी ध्वनिमुद्रिका आपल्या भूकंपग्रस्त जन्मगावाच्या नावे केली. आणि २०२२ साली 'स्टँडआर्ट' मध्ये पुन्हा अमेरिकन जाझच्या जुन्या धुना वाजवल्या. आपले सापडले म्हणून परके त्याने टाकून दिले नाही.

२०२४ साली त्याची 'द बर्ड ऑफ अ थाउजंड व्हॉइसेस' ही मोठी रचना आली. ती एका आर्मेनियन लोककथेवर आधारलेली आहे. राजाची बाग सुकून जाते. हजार आवाजांच्या पक्ष्याने गाणे म्हटले तरच ती पुन्हा फुलेल, असे कळते. राजाचा धाकटा मुलगा तो पक्षी आणायला निघतो. अशा गोष्टी आपल्या आज्याही सांगत आल्या आहेत.

आमचे म्हणणे

आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. हिंदीने आम्हांस ज्ञान दिले, नोकरी दिली, मित्र दिले. तिच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. म्हणून हिंदी किंवा इंग्रजी यांना दूर ठेवा, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. तिगरानने बीबॉप अर्धवट शिकून आर्मेनियन संगीताची सेवा केली नाही. परके त्याने पूर्ण शिकले, म्हणून आपले तो जगासमोर मांडू शकला. कोमितास यांनाही बर्लिनचे शिक्षण उपयोगी पडले.

मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी. 'मराठी घरची भाषा आहे, ती येईलच' या भरवशावर ती येत नाही. आमच्या शाळेत पहिलीला येणारी कित्येक मुले आजीशी हिंदीत बोलतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. बारा वर्षांच्या कोमितासलाही आपली भाषा येत नव्हती. पण त्याला ती शिकवणारी एक शाळा होती. वारसा रक्तातून येत नाही, तो कोणी तरी तासिका घेऊन शिकवावा लागतो. आमची शाळा ही तासिका घेत राहील.

विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे की, येत्या सत्रात संगीताची तासिका कमी करण्याचा विचार सोडावा, आणि दोन पेट्यांचे फाटलेले भाते दुरुस्त करून द्यावेत. पालकांना विनंती अशी की, पुढील स्वाध्यायात मुलांना मदत करावी. गेल्या काही वर्षांत आपल्या परिवारांतील अनेक वृद्ध आजी निवर्तल्या. त्यांच्याबरोबर किती ओव्या, किती पाळणे गेले, हे मोजण्याचे साधन कोणाकडे नाही. ज्या आहेत त्यांच्याजवळ आपण आज बसू शकतो.

स्वाध्याय

१. कोमितास आणि पं. भातखंडे यांच्या कार्यातील दोन साम्ये लिहा.

२. ३ आणि ७ मात्रांच्या टाळ्या एकत्र सुरू केल्यास पुन्हा कितव्या मात्रेवर एकत्र येतील? टाळ्या देऊन पडताळा.

३. 'आर्मेनियन भाषेतले पहिले नियतकालिक मद्रासेत निघाले' यावरून घरापासून दूर राहणाऱ्या समाजाविषयी काय समजते? पाच ओळींत लिहा.

४. उपक्रम (इयत्ता ५ वी ते ९ वी) : दिवाळीच्या सुट्टीत आपल्या आजी, पणजी किंवा शेजारच्या एखाद्या वयस्क बाईंकडून एक जुने मराठी गाणे मिळवा. ओवी, पाळणा, भोंडल्याचे गाणे, आरती, काहीही चालेल. मोबाइलवर आवाज मुद्रित करा, शब्द वहीत उतरवा, आणि गाणे त्यांना कोणी शिकवले, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी म्हणत, हेही लिहा. शब्द कळला नाही तर त्यांनाच विचारा. अंदाजाने लिहू नका. या वह्या शाळेच्या ग्रंथालयात कायम ठेवल्या जातील.

सर्व विद्यार्थ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा.

— मुख्याध्यापक